गुलाम म्हणून आलेला बिशप : अक्सूमच्या फ्रुमेंटियसची कहाणी

धर्मांतर हा विषय आमच्या वाचकांना नवा नाही. धर्म कोणी बदलला, का बदलला आणि बदलल्यानंतर त्याच्या जगण्यात काय फरक पडला, हे तीन प्रश्न आपण नेहमीच विचारत आलो आहोत. आज हेच प्रश्न आम्ही दूरच्या आणि फार जुन्या एका देशाला विचारणार आहोत. आफ्रिकेच्या ईशान्येला, आज जिथे इथिओपियाचा टिग्राय प्रांत आणि एरिट्रिया हा देश आहे, तिथे एकेकाळी अक्सूम नावाचे बलाढ्य व्यापारी राज्य होते. या राज्याने इसवी सनाच्या चौथ्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. आफ्रिकेत ख्रिस्ती धर्म गोऱ्या मिशनऱ्यांनी तोफाबंदुकांच्या आडून नेला, असा अनेकांचा समज असतो. अक्सूमच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे. इंग्लंड, जर्मनी, रशिया या देशांची ख्रिस्ती राज्ये उभी राहण्याच्या आधीच अक्सूमच्या राजाच्या नाण्यावर क्रूस आला होता. आणि हा धर्म तिथे नेणारा माणूस जेता म्हणून गेला नव्हता. तो त्या देशात पकडलेला गुलाम म्हणून गेला होता. त्याचे नाव फ्रुमेंटियस.

या माणसाचे चरित्र समजून घ्यायचे तर आधी अक्सूम म्हणजे काय होते ते पाहिले पाहिजे. तांबड्या समुद्राच्या काठी आदुलिस नावाचे बंदर होते. तिथून डोंगर चढून आत आठ दिवसांच्या वाटेवर अक्सूम ही राजधानी होती. हस्तिदंत, गेंड्याची शिंगे, कासवाची पाठ, सोने आणि सुगंधी धूप हा माल आदुलिसला गोळा होई आणि तिथून रोमन साम्राज्यात जाई. पहिल्या शतकात एका ग्रीक दर्यावर्दी व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात आदुलिसला भारतातून लोखंड, पोलाद आणि सुती कापड येत असल्याची नोंद आहे. याच माहितीपुस्तकात आपले कल्याण, पैठण आणि तेर यांचीही नावे आहेत. पुढे इथिओपियातल्या देब्रे दामो या मठाच्या जागी कुषाण राजांची शंभरावर सोन्याची नाणी सापडली. म्हणजे अक्सूम आणि भारत यांचे नाते पाठ्यपुस्तकांत नसले तरी समुद्रावर पक्के होते.

तिसऱ्या शतकात इराणात होऊन गेलेल्या मानी या धर्मसंस्थापकाच्या परंपरेत जगातल्या चार मोठ्या राज्यांत रोम, इराण आणि चीन यांच्या जोडीला अक्सूमचे नाव घेतले आहे. इसवी सन २७० च्या सुमारास एंडुबिस या राजाने स्वतःची सोन्याची नाणी पाडली. सहाराच्या दक्षिणेला स्वतःचे नाणे पाडणारे हे पहिले राज्य. राजघराण्याच्या थडग्यांवर एकाच दगडातून कोरलेले प्रचंड स्तंभ उभे केले जात. त्यांतला सर्वांत मोठा, आज पडून तुकडे झालेला स्तंभ सुमारे ३३ मीटर लांबीचा आहे. दुसरा सुमारे २४ मीटरचा स्तंभ मुसोलिनीच्या फौजेने १९३७ साली उचलून रोमला नेला होता. तो २००५ साली परत आला आणि २००८ साली मूळ जागी पुन्हा उभा राहिला. काळ्या माणसाला इतिहास नसतो असे सांगणाऱ्यांनी हा दगड एकदा बघून यावा.

या राज्याचे जुने देव म्हणजे महरेम, अस्तार, बेहेर आणि मेद्र. महरेम हा युद्धाचा देव आणि राजा स्वतःला त्याचा पुत्र म्हणवून घेई. ही गोष्ट बारकाईने ध्यानात घेतली पाहिजे. देवाचा पुत्र असलेल्या राजाला प्रश्न विचारण्याची कोणाची छाती होणार? राजसत्ता आणि देव यांची अशी गाठ जगात सगळीकडेच घातली गेली आहे.

आता फ्रुमेंटियसकडे वळू. त्याची कहाणी रुफिनस या ख्रिस्ती इतिहासकाराने पाचव्या शतकाच्या अगदी आरंभी लिहिली. रुफिनसने ती ऐकीव गप्पांवरून लिहिलेली नाही. फ्रुमेंटियसच्या सोबत पकडला गेलेला एडेसियस पुढे धर्मगुरू झाला होता आणि त्याच्या तोंडून आपण हे ऐकले, असे रुफिनस सांगतो. सोबत्याने सांगितलेल्या कहाणीत कौतुकाचा रंग थोडा चढलेला असणार, हे आम्हाला मान्य आहे. परंतु तिचा गाभा इतर पुराव्यांशी जुळतो आणि ते पुरावे आम्ही पुढे देणारच आहोत.

टायर हे आजच्या लेबनॉनमधले प्राचीन बंदर. तिथला मेरोपियस नावाचा विद्वान समुद्रमार्गे दूरच्या देशांच्या प्रवासाला निघाला. सोबत त्याने आपल्या नात्यातली दोन मुले घेतली होती. थोरला फ्रुमेंटियस आणि धाकटा एडेसियस. प्रवासात त्यांचे शिक्षणही व्हावे असा त्याचा हेतू होता. परतीच्या वाटेवर गोडे पाणी आणि अन्न भरून घेण्यासाठी जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याला लागले. त्याच सुमारास त्या भागातल्या लोकांचा रोमन लोकांशी असलेला तह मोडला होता. तह मोडला की रोमन माणूस दिसेल तिथे कापायचा, अशी तिथली रीत. जहाजावरचे सगळे मारले गेले. मेरोपियसही मेला. दोन मुले मात्र किनाऱ्यावर एका झाडाखाली बसून आपला धडा वाचत होती. हातात पुस्तक असलेल्या या पोरांची मारेकऱ्यांना दया आली. त्यांनी त्यांना मारले नाही, धरून राजाकडे नेले.

पुस्तकाने दोन पोरांचा जीव वाचवला, हा प्रसंग आमच्या वाचकांच्या मनाला भिडल्याशिवाय राहणार नाही. पण जीव वाचला याचा अर्थ स्वातंत्र्य मिळाले असा नव्हे. ती दोन मुले आता राजाच्या मालकीची होती. आईबाप, गाव आणि भाषा सुटली. ज्यांनी आपली माणसे आपल्या डोळ्यांदेखत कापली त्यांच्याच घरात राबायचे होते. इथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रोमन साम्राज्यातली ही मुले आफ्रिकी राजाच्या दरबारात गुलाम होती. त्या काळी गुलामगिरीला एकच एक रंग नव्हता. ज्याच्या हातात तलवार तो मालक आणि जो सापडला तो गुलाम, असा हिशोब होता. गुलामगिरीला कातडीचा रंग आणि जन्माचा शिक्का लावण्याचे काम पुढच्या शतकांनी केले.

राजाने दोघांची पारख केली. एडेसियसला पेले भरून देणारा सेवक नेमले. फ्रुमेंटियसची हुशारी पाहून त्याच्याकडे खजिना आणि पत्रव्यवहार सोपवला. व्यापारावर जगणाऱ्या राज्यात हे काम किती मोलाचे असेल याचा विचार करा. ग्रीक ही त्या समुद्रावरच्या व्यापाराची भाषा. नाण्यांवरची अक्षरे ग्रीक आणि परदेशी व्यापाऱ्यांशी बोलणे ग्रीकमध्ये. ग्रीक लिहू-वाचू शकणारा, हिशोबाचा पक्का आणि स्थानिक सरदारांच्या कोणत्याही गटात नसलेला तरुण राजाला हवाच होता. गुलामाला भाऊबंद नसतात, म्हणून राजे गुलामांवर विश्वास टाकतात. आपल्या दख्खनच्या इतिहासातही हे घडलेले आहे, त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

मरताना राजाने दोघांनाही मुक्त केले आणि वाटेल तिथे जाण्याची मोकळीक दिली. गादीचा वारस लहान होता. विधवा राणीने दोघांना विनंती केली की मुलगा मोठा होईपर्यंत राज्याचा भार उचलायला थांबा. या राणीचे नाव रुफिनस देत नाही. राज्य सांभाळणाऱ्या बाईचे नाव लिहून ठेवण्याची गरज इतिहासकाराला वाटली नाही, याचे आम्हाला नवल वाटत नाही. खरे तर हा सगळा बदल घडण्याचे दार तिने उघडले. फ्रुमेंटियस थांबला. ज्या घरात तो गुलाम म्हणून आला त्याच घराचा तो आता कारभारी झाला.

हाती अधिकार आल्यावर त्याने काय केले? त्याने कोणाचे देऊळ पाडले किंवा कोणावर धर्म लादला, असे कुठेही आलेले नाही. बंदरात आणि राजधानीत येणाऱ्या रोमन व्यापाऱ्यांत ख्रिस्ती कोण आहेत याचा त्याने शोध घेतला. त्यांना एकत्र जमून प्रार्थना करता येईल अशा जागा करायला सांगितले. बांधकामाला जमीन आणि लागेल ती मदत दिली. म्हणजे अक्सूममधल्या ख्रिस्ती धर्माचा आरंभ व्यापाऱ्यांच्या छोट्या प्रार्थनाघरांतून झाला. बाहेरून आलेल्या चार माणसांना एकत्र बसण्याची जागा मिळाली आणि तिथून धर्माने मूळ धरले. चळवळीत काम केलेल्या कोणालाही हे चटकन कळेल. माणसांना एकत्र बसायला स्वतःची जागा मिळाली की विचार टिकतो.

राजपुत्र मोठा झाला. कारभार त्याच्या हवाली करून दोघे निघाले. राजा आणि राणी थांबा म्हणत होते, तरी निघाले. एडेसियस थेट टायरला आपल्या घरी गेला. फ्रुमेंटियस घरी गेला नाही. तो इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला गेला. तिथे ३२८ सालापासून अथानासियस हा बिशप होता, त्या काळातला ख्रिस्ती जगातला फार मोठा आणि तितकाच वादग्रस्त माणूस. फ्रुमेंटियसने त्याच्यापुढे सगळी हकिगत ठेवली. अक्सूममध्ये इतके ख्रिस्ती लोक आहेत, प्रार्थनाघरे उभी आहेत, आता तिथे एखादा योग्य बिशप पाठवा, अशी त्याची मागणी होती. अथानासियसने आपल्या धर्मगुरूंशी विचार करून ठरवले की याच्याइतका योग्य माणूस दुसरा मिळणार नाही. फ्रुमेंटियसलाच दीक्षा देऊन अक्सूमचा पहिला बिशप म्हणून परत पाठवले गेले.

स्वातंत्र्य मिळाल्यावर ज्या देशात गुलामी भोगली त्याच देशात आपण होऊन परत जायचे, हा निर्णय साधा नव्हता. फ्रुमेंटियसचे मोठेपण आम्हाला इथे दिसते. सूड उगवण्याची संधी त्याला कारभारी असतानाच होती. त्याने ती घेतली नाही. इथिओपियाचे लोक आजही त्याला अब्बा सलामा, म्हणजे शांतीचा पिता, या नावाने ओळखतात.

आता पुराव्यांकडे येऊ. रुफिनस त्या तरुण राजाचे नाव सांगत नाही. ते आपल्याला एका सरकारी पत्रातून कळते. कॉन्स्टंटाईनचा मुलगा कॉन्स्टँटियस रोमचा सम्राट असताना ख्रिस्ती जगात मोठा तंटा पेटला होता. पुत्र हा पित्याच्या बरोबरीचा की त्याच्याहून कमी, असा तो वाद. सम्राट एका बाजूला आणि अथानासियस दुसऱ्या. ३५६ साली सम्राटाने अथानासियसला अलेक्झांड्रियातून हुसकावून लावले आणि त्याच्या जागी आपल्या मर्जीचा जॉर्ज नावाचा बिशप बसवला. त्यानंतर लवकरच सम्राटाने अक्सूमचे राजे एझाना आणि त्याचा भाऊ सझाना यांना पत्र लिहिले. फ्रुमेंटियसची नेमणूक अथानासियसने केलेली असल्याने त्याला जॉर्जपुढे चौकशीसाठी पाठवून द्या, असा त्या पत्राचा आशय. हे पत्र अथानासियसने आपल्या बचावाच्या लेखात उतरून घेतले, म्हणून ते शिल्लक राहिले. त्यामुळे फ्रुमेंटियस ही दंतकथा नव्हे, हे सिद्ध होते आणि त्याचा राजा एझाना होता हेही कळते. एझानाच्या स्वतःच्या शिलालेखातही याच भावाचे नाव येते. इथिओपियाच्या परंपरेत मात्र हे दोन भाऊ अब्रेहा आणि अत्स्बेहा या नावांनी ओळखले जातात.

अक्सूमने पुढेही अथानासियसचीच बाजू धरून ठेवली आणि अलेक्झांड्रियाशी असलेले नाते तोडले नाही. जगातल्या सर्वांत बलाढ्य सम्राटाचे म्हणणे एका आफ्रिकी राज्याने मानले नाही. रोमचा धर्म घेतला पण रोमची ताबेदारी घेतली नाही, ही या इतिहासातली अभिमानाची जागा आहे.

दुसरा पुरावा दगडावरचा आणि नाण्यांवरचा. एझानाच्या आधीच्या शिलालेखांत विजयाचे श्रेय महरेमला दिलेले आहे. त्यांतला एक लेख ग्रीक, गीझ ही देशी भाषा आणि दक्षिण अरबस्तानची लिपी अशा तीन रूपांत कोरला आहे. त्यात बेजा लोकांच्या सहा सरदारांना त्यांच्या ४,४०० माणसांसह उचलून दुसऱ्या प्रदेशात नेऊन बसवल्याची हकिगत आहे. नंतरच्या गीझ शिलालेखात महरेम गायब होतो आणि त्या जागी आकाशाचा स्वामी येतो. ग्रीकमधल्या एका शिलालेखात तर पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचा सरळ उल्लेख आहे. नाण्यांवर आधी चंद्रकोर आणि तबकडी असे, ती जाऊन क्रूस आला. म्हणजे एकाच राजाच्या हयातीत देव बदलला आणि तो बदल आजही हातात धरून पाहता येतो.

परदेशी व्यापाऱ्यांना वाचता येईल अशा ग्रीक लेखात राजा स्पष्ट ख्रिस्ती भाषा बोलतो. देशी भाषेतल्या लेखात मात्र तो आकाशाचा स्वामी असे मोघम बोलतो, म्हणजे जुन्या श्रद्धेच्या माणसालाही खटकू नये. अनेक अभ्यासकांनी या फरकाकडे लक्ष वेधले आहे. चौथ्या शतकातल्या काही तांब्याच्या नाण्यांवर तर ही गोष्ट देशाला पसंत पडावी अशा अर्थाची इच्छा कोरलेली आहे. राजा जाणून होता की आपण देव बदलला म्हणून प्रजेने बदललेला नाही. रोमशी व्यापार वाढवणे, वेगवेगळ्या जमातींच्या राज्याला एका धर्माने बांधणे हे हेतू त्याच्या मनात असणारच. त्याची श्रद्धा खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. पण राजाचे धर्मांतर आणि प्रजेचे धर्मांतर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अलीकडच्या उत्खननानेही हेच दिसते. अक्सूमच्या ईशान्येला बेता समाती नावाच्या जागी उत्खनन झाले आणि त्याचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तिथे चौथ्या शतकातल्या चर्चचे अवशेष मिळाले. त्याच वस्तीत क्रूस कोरलेला दगडी ताईत मिळाला आणि बैलाचे डोके कोरलेली सोन्याची अंगठीही मिळाली. जुने आणि नवे बराच काळ शेजारी शेजारी नांदत होते. खेड्यापाड्यांत ख्रिस्ती धर्म पोचला तो फ्रुमेंटियसनंतर शंभर-दीडशे वर्षांनी, पाचव्या शतकाच्या अखेरीस आणि सहाव्याच्या आरंभी, बाहेरून आलेल्या भिक्षूंच्या हातून. त्यांना तिथे नऊ संत म्हणतात. त्यांनी डोंगरकपारीत मठ बांधले आणि धर्मग्रंथ गीझ भाषेत आणण्याचे काम पुढे नेले. अद्वाजवळच्या अब्बा गरिमा मठात जपलेली गीझ शुभवर्तमानाची सचित्र हस्तलिखिते जगातल्या सर्वांत जुन्या सचित्र ख्रिस्ती ग्रंथांत मोडतात.

भाषेचा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे. गीझ लिपीत आधी फक्त व्यंजने लिहीत. एझानाच्या काळात प्रत्येक अक्षराला स्वरचिन्हे जोडली गेली आणि एकेका अक्षराची सात रूपे झाली. आपल्या बाराखडीशी या पद्धतीचे साम्य इतके आहे की काही अभ्यासकांनी तिच्यामागे भारताशी असलेल्या व्यापाराचा प्रभाव असावा असे म्हटले आहे. परंपरा मात्र या सुधारणेचे श्रेय फ्रुमेंटियसला देते. श्रेय कोणाचेही असो, धर्मग्रंथ लोकांच्या भाषेत आणि लोकांना वाचता येईल अशा लिपीत आला, ही त्या धर्मांतराची खरी कमाई होती. ज्ञान एका वर्गाच्या भाषेत कोंडून ठेवणाऱ्या धर्मांशी ही गोष्ट ताडून पाहावी.

आणखी एक चांगली आठवण आहे. ६१५ सालाच्या सुमारास मक्केत छळ होत असलेले पैगंबरांचे सुरुवातीचे अनुयायी समुद्र ओलांडून याच ख्रिस्ती राज्यात आश्रयाला गेले आणि तिथल्या राजाने त्यांना छळणाऱ्यांच्या हवाली केले नाही. दुसऱ्या धर्माच्या पीडितांना आसरा देणारा राजा इतिहासात वारंवार सापडत नाही.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहणे आमचे कर्तव्य आहे. आकाशाच्या स्वामीचे नाव घेऊन सुरू होणाऱ्या त्या गीझ शिलालेखात एझाना नोबा लोकांवरच्या स्वारीचे वर्णन करतो. त्यात आपण न्यायाने राज्य करू आणि लोकांना पिडणार नाही, अशा अर्थाचे वचन आहे. त्याच लेखात मारलेल्यांची आणि पकडलेल्या स्त्री-पुरुषांची मोजदाद आहे, आणि पाठोपाठ लुटीतल्या गुराढोरांची. देव बदलला पण बंदिवानांची यादी बदलली नाही. ज्या राजाला एका बंदिवान मुलाने वाढवले, त्याच राजाने नव्या देवाच्या नावाने नवे बंदिवान आणले. त्या यादीतल्या एकाही माणसाचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. त्यांच्यातही एखादा फ्रुमेंटियस असेल, पण त्याच्या हातात पुस्तक नव्हते.

दुसरी मर्यादा नेतृत्वाची. फ्रुमेंटियस अलेक्झांड्रियाहून दीक्षा घेऊन आला आणि तीच प्रथा पडली. इथिओपियाच्या चर्चचा प्रमुख अलेक्झांड्रियाने नेमायचा आणि तो इजिप्तचाच भिक्षू असायचा. ही प्रथा सुमारे सोळाशे वर्षे चालली. लाखो माणसे एका धर्मात जन्मली आणि मेली, पण त्यांच्यातला कोणी त्या धर्मपीठावर बसू शकला नाही. १९५१ साली अब्बा बासिलिओस हे पहिले इथिओपियन आर्चबिशप झाले आणि १९५९ साली ते पहिले पॅट्रिआर्क झाले, तेव्हा कुठे हे चर्च पूर्णपणे स्वतंत्र झाले. ज्या समाजाचा धर्म, त्याच समाजाच्या हाती त्याची सूत्रे असली पाहिजेत, हे पटायला इतकी शतके लागली.

तिसरी आणि सर्वांत मोठी मर्यादा गुलामगिरीची. अक्सूमचे राज्य सातव्या शतकानंतर खचले, तांबड्या समुद्रावरचा व्यापार हातचा गेला, पण ख्रिस्ती धर्म टिकला आणि गुलामगिरीही टिकली. १९२३ साली राष्ट्रसंघात प्रवेश मिळवताना इथिओपियाला ही प्रथा संपवण्याचे आश्वासन द्यावे लागले. कायद्याने ती संपली १९४२ साली. चौथ्या शतकापासून विसाव्या शतकापर्यंत प्रार्थना चालू होती आणि बाजारही चालू होता.

या बाजाराचा धागा थेट आपल्या मातीपर्यंत येतो. एझानाच्या शिलालेखात राजाच्या पदव्यांमध्ये हबशत हे नाव येते. आपण ज्याला हबशी म्हणतो तो शब्द याच मुळाचा. इसवी सन १५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, हात बदलत बदलत बगदादमार्गे दख्खनला पोचला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझ खान याने त्याला विकत घेतले. चंगीझ खान स्वतःही हबशीच होता. तो मुलगा म्हणजे मलिक अंबर. पुढे त्याने निजामशाही सांभाळली, मोगलांना झुंजवले, जमीनमहसुलाची घडी बसवली आणि १६१० साली खडकी हे शहर वसवले. तेच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी याच वाटेने आले. मलिक अंबर आणि फ्रुमेंटियस यांच्यात बाराशे वर्षांचे अंतर आहे, वाटा उलट्या दिशेच्या आहेत, पण कहाणी एकच आहे. पकडलेला मुलगा, परका दरबार, बुद्धीच्या जोरावर मिळवलेला कारभार. एकेक माणूस असा वर येतो आणि मोठा होतो. त्याच्यासोबत विकली गेलेली हजारो माणसे मात्र जिथल्या तिथेच राहतात.

मग आरंभी विचारलेल्या तीन प्रश्नांचे उत्तर काय मिळते? अक्सूममध्ये धर्म आधी राजाने बदलला. का बदलला, तर श्रद्धा, व्यापार आणि राज्याची एकजूट या तिन्ही कारणांनी. जगण्यात फरक काय पडला, तर लिपी आली, ग्रंथ आले, मठ आले, परक्याला आसरा देण्याची रीत आली. पण गुलामाच्या पायातली बेडी तुटली नाही, कारण तो धर्म स्वीकारताना बेडीचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. फ्रुमेंटियसला आम्ही दोष देत नाही. एका माणसाने आपल्या आयुष्यात जेवढे करावे त्याहून त्याने अधिक केले. सूड सोडला, सत्ता सोडली आणि घरी जाण्याचा सरळ रस्ताही सोडला. परंतु धर्म वरून खाली येतो तेव्हा तो राजवाड्याच्या सोयीने येतो आणि खालच्या माणसाच्या मुक्तीचा मुद्दा मागे राहून जातो, हे त्याच्या कहाणीतून उघड होते.

ज्यांच्या पायात बेडी आहे तेच आपल्या निर्णयाने धर्म बदलतात आणि बेडी तोडण्यासाठीच बदलतात, तेव्हा त्या घटनेचा अर्थ निराळा असतो. तो अर्थ आमच्या वाचकांना वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. अब्बा सलामाला आदराने आठवताना एझानाच्या दगडावर केवळ आकडा बनून राहिलेल्या त्या बंदिवानांचीही आठवण आपण ठेवावी, एवढीच आमची विनंती आहे.